डब्याच्या झाकणाला घाम का येतो?

सकाळी पोळ्या तव्यावरून थेट स्टीलच्या डब्यात, वर घट्ट झाकण, आणि डबा लोकलने ऑफिसात. दुपारी झाकण उचललं की आतून थेंब टपटपतात आणि सगळ्यात वरची पोळी ओलीगच्च. "गरम भरल्यास ना, मग घाम धरणारच," असं आई म्हणायची. तिचं बरोबरच होतं. पण हे पाणी येतं कुठून?

झाकण लावलं की वाफ व्हायची थांबते, असा आपला समज असतो. ती थांबत नाही. अर्धी भरलेली पाण्याची बाटली बूच लावून ओट्यावर ठेवा. आठवड्यानेही पाणी तेवढंच दिसेल, पण आत एक क्षणही शांतता नसते. पाण्यातले वेगवान रेणू सतत हवेत उडत असतात. उघड्यावर वारा त्यांना घेऊन जातो, म्हणून दोरीवरचे कपडे वाळतात. बाटलीत पळायला वाटच नाही. वर बाष्पाची गर्दी वाढते, तसे पाण्यावर आदळून परत आत शिरणारे रेणूही वाढतात, आणि जाणारे-येणारे सारखे झाले की पातळी हलायची थांबते. हा समतोल. 1857 मध्ये रुडॉल्फ क्लाउझियस या जर्मन शास्त्रज्ञाने तो रेणूंच्या हालचालीवरून असाच उलगडून सांगितला. 30 अंश सेल्सिअसला पाण्याच्या एका चौरस सेंटीमीटरवर दर सेकंदाला साधारण 1 वर 22 शून्यं इतके बाष्परेणू आदळतात. निश्चल दिसणाऱ्या पाण्यावर! हा आकडा मला प्रत्येक वेळी थक्क करतो.

आता आईच्या डब्याकडे. 30 अंशांना एक लिटर हवेत जास्तीत जास्त 30 मिलिग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे एक थेंबसुद्धा नाही. 80 अंशांना मात्र सुमारे 290 मिलिग्रॅम, जवळजवळ दसपट. तरी नुसत्या कोंडलेल्या वाफेचे चार-पाच थेंबच होतील. पोळी भिजते ती वेगळ्याच कारणाने. पोळी गरम, झाकण गार. पोळीजवळचं बाष्प झाकणाशी पोचलं की तिथल्या मानाने ते जास्त ठरतं आणि थेंब होतं. तेवढी हवा कोरडी झाली, की पोळीतून आणखी पाणी निघतं. पोळी आणि झाकण सारखेच निवेपर्यंत ही वाहतूक चालूच. म्हणून पोळ्या आधी जाळीवर निववायच्या, किंवा डब्यात सुती फडकं घालायचं. थेंब पोळीवर पडण्याआधी फडकं ते टिपून घेतं.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, त्याचीही अशीच गोष्ट. मिठाच्या संपृक्त, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही अशा, द्रावणावरची कोंडलेली हवा सुमारे 75 टक्के आर्द्रतेला येऊन स्थिरावते. बाहेरची हवा याहून दमट असली की कोरडं मीठ तिच्यातलं पाणी ओढून घेतं, आणि जुलैतली मुंबईची हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. बरणी बंद असेल तर आतली मूठभर हवा मिठाचं काही बिघडवू शकत नाही. बिघडतं ते आपण दिवसातून दहा वेळा झाकण काढतो म्हणून. दर वेळी नवी दमट हवा आत. बरणीत टाकलेले तांदळाचे दाणे थोडी ओल शोषून घेतात, पण पावसाळाभर तेही पुरे पडत नाहीत. रोजच्या वापराला छोटी बरणी काढावी आणि बाकीचं मीठ घट्ट बंद ठेवावं.