26 फ्रेमचं गणित

फायटिंग गेममध्ये हरलेलं पोरगं पॅड खाली ठेवतं आणि म्हणतं, "हातच स्लो आहे माझा." मग कुणी त्याला महागडा मॉनिटर सुचवतं, कुणी एनर्जी ड्रिंक, कुणी रिॲक्शन वाढवणारं ॲप. निदानच चुकलेलं असतं, त्यामुळे पैसे वाया जातात.

'स्ट्रीट फायटर 6' हा फायटिंग गेम सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची. हेवी पंच आणि हेवी किक एकदम दाबले की ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा जोरदार फटका निघतो, रंगाचा फवारा उडवत. तो लागायला 26 फ्रेम घेतो, म्हणजे साधारण 433 मिलिसेकंद. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला 120 वेळा फिरतो असं धरलं, तर एका फेकीला 30 फ्रेम मिळतात. इम्पॅक्ट त्याच्याही आधी आदळतो.

तरी एवढा वेळ पुरतो. एकच गोष्ट पाहायची आणि एकच बटण दाबायचं असेल, तर निरोगी माणसाला 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. फार तर 15 फ्रेम. स्क्रीनची दिरंगाई धरूनही उत्तर म्हणून आपला उलटा इम्पॅक्ट मारायला सवड उरते. मग सामन्यात तोच पोरगा मार का खातो?

उत्तर 1952 साली विल्यम हिक यांनी मोजलेल्या नियमात आहे. समोर येऊ शकणाऱ्या पर्यायांची संख्या दुप्पट झाली की प्रतिसादाचा वेळ ठरावीक रकमेने वाढतो. सराव नसलेल्या माणसात ही रक्कम 150 मिलिसेकंदांच्या आसपास असते. आता ढोबळ हिशेब करा. एकच पर्याय असताना 220 मिलिसेकंद, दोन असताना 370. उडी, फायरबॉल, थ्रो आणि इम्पॅक्ट असे चार झाले की 520, म्हणजे 31 फ्रेम. संपलं! डोळे तेच, हात तेच, पण डोक्यात चार प्रश्न एकदम उघडे राहिले. खेळाडू याला 'मेंटल स्टॅक' म्हणतात. मुरलेला प्रतिस्पर्धी मुद्दाम पुढे-मागे चालून, फायरबॉल टाकून हा ढीग वाढवतो आणि मगच इम्पॅक्ट सोडतो.

दिलाशाची गोष्ट अशी की 150 हा आकडा जन्माचा बांधलेला नाही. एक दृश्य आणि एक कृती यांची गाठ हजारो वेळा घट्ट बसली की पर्याय वाढल्याचा दंड उतरत जातो. शिकवायचं ते नेमकं हेच.

गेमच्या ट्रेनिंग मोडमध्ये डमीला, म्हणजे समोरच्या सरावाच्या कॅरेक्टरला, आधी फक्त इम्पॅक्ट रेकॉर्ड करून द्या, पण दोन-तीन स्लॉटमध्ये (वेगवेगळ्या रेकॉर्डिंगमध्ये), आणि प्रत्येकात आधीची शांतता वेगळ्या लांबीची ठेवा. इथेच बहुतेकांची चूक होते. अंतर सारखं राहिलं तर पोरगं ठेका पाठ करतं, स्क्रीन पाहतच नाही. दहापैकी आठ जमले की उडी मिसळा, तिला उत्तर अपरकट. मग एक स्लॉट असा ठेवा ज्यात डमी काहीच करत नाही. त्या वेळी बटण दाबलं गेलं तर तो अंदाज होता. त्याची चूक मोजा, नाहीतर आठाचा आकडा खोटा. शेवटी हेच सगळं चालत, खाली बसून मीडियम किक मारत करायला लावा. रिकाम्या हाताने जमलेलं कौशल्य गुंतलेल्या हाताला लगेच जमत नाही.

ठेका पाठ करणं प्रत्येक वेळी वाईट असतं असं नाही. 2004 च्या एव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत, 'स्ट्रीट फायटर III: थर्ड स्ट्राइक' या जुन्या गेममध्ये, दाइगो उमेहाराने जस्टिन वोंगच्या चुन-ली या कॅरेक्टरचा 15 फटक्यांचा सुपर (खास हल्ला) पूर्ण पॅरी केला, म्हणजे प्रत्येक फटका नेमक्या क्षणी इजा न होता परतवला. नुसता ब्लॉक केला असता तरी थोडी इजा होतेच, आणि तेवढ्यानेही उमेहाराची उरलेली लाइफ संपली असती. पहिला फटका पाहून थोपवता येत नाही, पॅरी आधीच दाबावा लागतो. म्हणजे सुरुवात प्रतिस्पर्ध्याच्या वाचनातून झाली, पुढचं हलगीच्या ठेक्यासारखं पाठ. याला कुणी 'दैवी रिफ्लेक्स' म्हटलं की त्यामागची मेहनतच पुसली जाते.

शिकवणाऱ्याने मागे उभं राहून "आला, आला!" असं ओरडू नये. कानाचा प्रतिसाद डोळ्यापेक्षा थोडा लवकर येतो, त्यामुळे गाठ आवाजाशी बसते आणि सामन्यात तो आवाज नसतो. राउंड संपल्यावर विचारावं, "इम्पॅक्ट आला तेव्हा कशाकडे बघत होतास?" "स्वतःच्या कॅरेक्टरकडे" असं उत्तर आलं, तर पुढचे 15 मिनिटं फक्त समोरच्याच्या खांद्यांवर नजर ठेवायची.