सर्फॅक्टंट फ्लडिंग आणि फोम फ्लडिंग: साबणाची जात तीच, काम वेगळं

मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. ‘सागर सम्राट’ या खोदकाम जहाजाला १९७४ मध्ये तिथे तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९८४ पासून दाब टिकवायला खाली पाणी सोडणं सुरू झालं. एवढं करूनही कुठल्याही जुन्या तेलक्षेत्रात बरंचसं तेल दगडातच राहतं. जगभरचा ढोबळ हिशेब पाहिला तर एक तृतीयांशच्या आसपासच वर येतं. उरलेल्याची गोष्ट निघाली की ‘सर्फॅक्टंट सोडणं’ आणि ‘फेस सोडणं’ हे एकाच दमात बोललं जातं. दोन्हींत साबणाच्या जातीचं रसायन विहिरीतून खाली जातं, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण तेल मागे का राहिलं, हे आधी विचारलं की दोन्ही वाटा लगेच वेगळ्या होतात.

काही तेल अडकलेलं असतं. दगडाच्या बारीक छिद्रांत पाणी पुढे निघून जातं आणि तेलाचे थेंब अरुंद तोंडांपाशी तुटून बसतात. तेल आणि पाणी यांच्यामधला ताण त्यांना तिथे धरून ठेवतो. पंपाचा दाब वाढवून ते सुटत नाहीत, कारण तेवढा दाब दिला तर दगडच फुटेल. मग ताणच कमी करायचा. चांगलं सर्फॅक्टंट तो हजारो पटींनी खाली आणतं. थेंब लवचीक होतो, तोंडातून निसटतो, पुढच्या थेंबांना मिळतो. हे सर्फॅक्टंट फ्लडिंग. यात वायूची गरजच नाही.

काही तेल मात्र अडकलेलं नसतं, त्याच्यापर्यंत कोणी पोहोचलेलंच नसतं. तेल ढकलायला कार्बन डायऑक्साइड किंवा नैसर्गिक वायू सोडला, तर तो तेलापेक्षा हलका आणि कितीतरी पातळ असल्यामुळे थराच्या वरच्या अंगाने धावतो किंवा सगळ्यात मोकळा थर गाठून थेट उत्पादन विहिरीत निघतो. घट्ट थरातलं तेल जागच्या जागी. इथे फेस कामाला येतो, हे फोम फ्लडिंग. सर्फॅक्टंटच्या पाण्यात वायू मिसळला की छिद्राछिद्रांत पातळ पडदे तयार होतात आणि वायूला ते ओलांडत जावं लागतं. त्याची चाल मंदावते. खरी कमाल पुढे आहे: फेस मोकळ्या थरात जास्त घट्ट बनतो, म्हणून तीच वाट तुंबते आणि वायू आपोआप दुर्लक्षित थरांकडे वळतो. फेसातला बहुतांश भाग वायूचाच असल्याने रसायनही तुलनेने कमी लागतं.

फेसाचा मोठा शत्रू खुद्द तेलच. सिंकमध्ये भरपूर फेस करून त्यात तुपकट कढई बुडवा, बघता बघता फेस बसतो. जमिनीखालीही तेच होतं. त्यामुळे ताण सर्वांत जास्त पाडणारं सर्फॅक्टंट फेसालाही चालेल, असं गृहीत धरणं चूक आहे. उत्तम ताण पाडणारी कित्येक रसायनं फेसाच्या बाबतीत कमजोर निघतात. निवड वेगळी, प्रयोगशाळेतल्या चाचण्या वेगळ्या.

मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडीत, अनेक थरांचा, आणि तापमान शंभर अंशांच्या वर. ही परिस्थिती दोन्ही पद्धतींना कठीण आहे. चुनखडीच्या पृष्ठभागावर बहुधा धन प्रभार असतो, म्हणून ऋण प्रभाराची नेहमीची सर्फॅक्टंट दगडालाच चिकटून वाया जातात. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे काहींचा साका होऊन ती खाली बसतात. त्यात प्लॅटफॉर्मवर जागा मोजकी, प्रत्येक टाकी बोटीने न्यायची. अशा ठिकाणी ‘कुठलं रसायन स्वस्त’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. साठ्याच्या त्या भागात तेल अडकलंय की वगळलं गेलंय, हे आधी ठरवलं नाही तर पैसा समुद्रात.

परिणाम मोजायची जागाही वेगळी. सर्फॅक्टंट लागू पडलं तर उत्पादन विहिरीतल्या पाण्याचं प्रमाण उतरतं आणि तेलाचं चढतं. फेस जमला तर पाहायचं ते वायूकडे: दर पिंपामागे येणारा वायू घटला का? नॉर्वेच्या स्नोर क्षेत्रात १९९० च्या दशकाच्या अखेरीस फेसाची मोठी चाचणी झाली, तेव्हा अभियंत्यांची नजर याच आकड्यावर होती. हल्ली ताण थोडा पाडणारा आणि फेसही धरणारा असा जोड प्रयोगही चाललाय, पण त्यातही दोन्ही आकडे वेगवेगळेच तपासावे लागतात.