समान जाण (संभाषणातील)

बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही ठाऊक असलेली, शिवाय ती समोरच्यालाही ठाऊक आहे याची दोघांना खात्री असलेली माहिती. मुंबईच्या फास्ट लोकलमध्ये ती रोज पाहायला मिळते. कुर्ला सुटलं की दाराकडच्या गर्दीत मागचा विचारतो, ‘दादर?’, म्हणजे दादरला उतरणार का? पुढचा ‘भायखळा’ म्हणतो आणि अंग चोरून वाट देतो. नवखा पाहुणा मात्र बाहेर डोकावून ‘नाही, अजून आलं नाही’ असं सांगतो.

कल्पना मूळ तत्त्वज्ञांची. तिला प्रयोगशाळेत आणण्याचं मोठं श्रेय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क (जन्म १९४०) यांचं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९६६ साली डॉक्टरेट, १९६९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू. सुरुवातीला तेही वाक्य समजायला किती वेळ लागतो हेच मोजत होते. पुढे त्यांनी एकट्या माणसाऐवजी दोघांना बोलायला बसवलं, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

डियाना विल्क्स-गिब्ज यांच्यासोबतच्या १९८६च्या प्रयोगात बोलणाऱ्या दोघांमध्ये आडोसा होता. एकाने १२ टॅनग्राम आकृत्यांचं (भौमितिक तुकडे जोडून केलेल्या आकारांचं) वर्णन करायचं, दुसऱ्याने त्या तशा क्रमाने लावायच्या. पहिल्या फेरीत एका आकृतीला सरासरी ४१ शब्द लागले, त्याच आकृत्यांच्या सहाव्या फेरीत ८. ‘बर्फावर घसरत चाललेला, हात पुढे केलेला माणूस’ शेवटी नुसता ‘आइस स्केटर’ उरला. हे नाव एकट्या बोलणाऱ्याचं नव्हे, दोघांनी मिळून ठरवलेलं.

एलन आयझॅक्स यांच्याबरोबर (१९८७) क्लार्क यांनी न्यूयॉर्कच्या ठिकाणांची पोस्टकार्डं वापरली. समोरचा त्या शहराचा जाणकार आहे की नवखा, हे जोडीदाराला दोनचार वाक्यांतच उमगे आणि तो त्याप्रमाणे नाव तरी घेई, नाहीतर वर्णन करी. मुंबईकराला यात नवल वाटू नये. एकाच स्थानकाला तो आजोबांशी बोलताना ‘व्हीटी’ म्हणतो, मित्राशी ‘सीएसटी’, आणि नुकत्याच आलेल्याला ‘सीएसएमटी’ सांगतो.

जीन फॉक्स ट्री यांच्यासह २००२ साली क्लार्क यांनी इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘अम्’ या अडखळण्यांकडे पाहिलं. पहिला छोट्या खोळंब्याची सूचना देतो, दुसरा मोठ्याची, असं त्यांचं म्हणणं. मराठीतलं ‘ते हे’ त्याहून धीट आहे, कारण ते अडलेला शब्द सरळ ऐकणाऱ्याच्याच गळ्यात घालतं. दिवाळीत चाळीतल्या स्वयंपाकघरातून सासूबाई हाक मारतात, ‘अगं, ते हे आण गं,’ आणि सून माळ्यावरून चकलीचा सोऱ्या काढून देते.