पिकअप ट्रकसाठी इंजिन व ट्रान्समिशन ट्यूनरची निवड

पिकअप ट्रकचे इंजिन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन चालवणाऱ्या संगणकांमध्ये कारखान्यात भरलेली मूल्ये बदलणारे, किंवा सेन्सरकडून त्या संगणकांकडे जाणारे संकेत वाटेतच बदलून पुढे पाठवणारे उपकरण म्हणजे ट्यूनर. इंजिनाचा एकही भाग न बदलता, केवळ इंधनाचे प्रमाण, ते फवारण्याची वेळ, टर्बोचा दाब आणि गिअर बदलण्याचे क्षण यांत फेरफार करून ताकद वाढवता येते, या एका गोष्टीवर ट्यूनरचा सारा व्यवसाय उभा आहे. त्याची मुख्य बाजारपेठ अमेरिका. तेथे फोर्डचे पॉवर स्ट्रोक, जनरल मोटर्सचे ड्युरामॅक्स आणि पूर्वी डॉज व आता रॅम या नावाने विकल्या जाणाऱ्या ट्रकमधील कमिन्स ही डिझेल इंजिने या व्यवसायाच्या केंद्रस्थानी आहेत.

ट्रक कोणाच्या हाती पडेल, तो उन्हाळ्यात घाट चढताना किती जड ट्रेलर ओढेल, त्यात कोणत्या प्रतीचे इंधन भरले जाईल, हे उत्पादकाला आधी कळत नाही. शिवाय प्रदूषणाच्या मर्यादा पाळायच्या असतात आणि वॉरंटीचा खर्चही आवरायचा असतो. त्यामुळे कारखान्यातील मूल्ये सावधपणे ठरवलेली असतात व इंजिनात काही ताकद राखून ठेवलेली असते. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनात ही शिल्लक बरीच असते. ट्रान्समिशनमध्ये मात्र ती तितकी असेलच असे नाही, आणि ट्यूनर निवडताना फसगत होते ती बहुधा याच ठिकाणी. जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. ती अश्वशक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या क्लचांचे नाव सहसा कुठेच नसते.

इतिहास : १९९४ ते १९९८ या काळातील बारा व्हॉल्व्हच्या कमिन्स इंजिनाचा इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक होता. त्याची ताकद वाढवायची तर पंपातील इंधन मर्यादित करणारी पट्टी घासावी किंवा बदलावी लागे. तेथे संगणकाचा संबंधच नव्हता. त्याच सुमारास फोर्डने आणलेल्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये मात्र इंजेक्टरांचा ताबा संगणकाकडे होता, आणि त्या संगणकाच्या मागच्या बाजूच्या जोडणीवर एक छोटी चिप बसवून मूल्ये बदलता येत. १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारी व हलक्या ट्रकना ओबीडी-२ ही निदानव्यवस्था आणि तिचा सोळा पिनांचा सॉकेट सक्तीचा झाला. मूळ हेतू प्रदूषण-नियंत्रणातील बिघाड ओळखणे हा असला, तरी संगणकातील मूल्ये बाहेरून वाचण्याची व लिहिण्याची सोयही त्याच सॉकेटमुळे चालकाच्या गुडघ्याजवळ आली. हातात धरून वापरायचे ट्यूनर त्यानंतर फोफावले.

प्रकार : सर्वांत साधा प्रकार म्हणजे सेन्सर आणि संगणक यांच्या मध्ये जोडायची पेटी. कॉमन रेल डिझेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून (रेलमधून) इंधन मिळणाऱ्या इंजिनात, ही पेटी रेलमधील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे संगणकाला भासवते. संगणक पंपाला दाब वाढवायला सांगतो आणि इंधन जास्त जाते. पेटी काढली की ट्रक पूर्ववत होतो, हा तिचा मोठा गुण. दोष असा की ज्या संगणकाला फसवले जात आहे तो खोट्या आकड्यावरच बाकीचे सगळे हिशेब करतो, आणि ट्रान्समिशनला इंजिनाचा खरा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कधीच कळत नाही.

हातात धरायचा प्रोग्रॅमर ओबीडी सॉकेटला जोडून इंजिनाच्या संगणकातील मूळ फाइल आधी साठवून घेतो आणि मग आपली फाइल त्यावर लिहितो. त्यात रोजच्या वापरासाठी, ट्रेलर ओढण्यासाठी आणि वेगासाठी अशा तयार फाइली असतात. तिसरा मार्ग त्या त्या ट्रकसाठी खास फाइल तयार करून घेण्याचा. ट्यूनिंग करणारा माणूस एचपी ट्यूनर्स किंवा ईएफआयलाइव्ह यांसारख्या सॉफ्टवेअरमधून इंजिन व ट्रान्समिशन या दोन्हींचे तक्ते उघडतो, ट्रकच्या मालकाने गाडी चालवताना नोंदवलेली माहिती पाहतो आणि फाइल हळूहळू सुधारत नेतो. यात वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतात, आणि सारे काही त्या माणसाच्या हातावर अवलंबून असते. या तिन्हींखेरीज पेडलचा प्रतिसाद तीव्र करणारी एक पेटीही ट्यूनर म्हणून खपवली जाते. ती ताकद मुळीच वाढवत नाही. पाव दाबलेले पेडल अर्धे दाबल्याचे इंजिनाला सांगते, एवढेच.

ट्रान्समिशनचा विचार : ऑटोमॅटिक ट्रान्समिशन दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाते तेव्हा एक क्लच सुटत असतो आणि दुसरा पकड घेत असतो. या अर्ध्या सेकंदाच्या आतल्या काळात ट्रान्समिशनचा संगणक इंजिनाला टॉर्क कमी करायला सांगतो, इंजिन क्षणभर इंधन आखडते, क्लच पुरता बसतो आणि मग टॉर्क परत येतो. चालकाला हे जाणवले तर हलकीशी ओढ सैल पडल्यासारखे जाणवते. इंजिनाचा टॉर्क फाइलने वाढवला, पण तो वाढल्याची दखल ट्रान्समिशनच्या हिशेबात घेतलीच नाही, तर संगणक जुन्या टॉर्कला पुरेल एवढाच तेलाचा दाब क्लचवर देतो. क्लच बसायला वेळ लागतो, त्याच्या तबकड्या घासतात, तापतात, तेल काळे पडते, आणि घसरण एकदा सुरू झाली की प्रत्येक गिअरबदलागणिक वाढत जाते. गिअर झटकन पडावा म्हणून टॉर्क आखडण्याची ही क्रियाच काढून टाकणाऱ्या फाइलीही मिळतात. त्या मजबूत केलेल्या ट्रान्समिशनसाठी ठीक. कारखान्यातून आलेल्या ट्रान्समिशनवर त्या चालवणे म्हणजे त्याचे आयुष्य कापणे होय.

ट्रान्समिशन ट्यूनिंगमध्ये म्हणून चार गोष्टी पाहिल्या जातात : क्लचवरील तेलाचा दाब, गिअर बदलण्याचा वेग व क्षण, टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून ट्रान्समिशनला देणाऱ्या भागाचा) दोन्ही बाजू थेट जोडणारा लॉक-अप क्लच कधी लागतो व कधी सुटतो, आणि इंजिनाच्या टॉर्कची ट्रान्समिशनला दिली जाणारी माहिती. यांतील लॉक-अपकडे दुर्लक्ष होते, पण ट्रेलर ओढणाऱ्यासाठी ती सर्वांत कामाची बाब आहे. कन्व्हर्टर लॉक नसताना ताकदीचा काही भाग तेल घुसळण्यात जातो आणि त्याची उष्णता होते. चढावर योग्य गिअरमध्ये लॉक-अप टिकवून ठेवणारी फाइल तेलाचे तापमान लक्षणीयरीत्या आटोक्यात ठेवते.

प्रत्येक ट्रकची दुखरी जागा निराळी असते. २००१ मध्ये ड्युरामॅक्सबरोबर आलेले पाच गिअरचे ॲलिसन १००० घसरण जाणवताच स्वतःला लिम्प मोडमध्ये, म्हणजे मर्यादित ताकदीच्या बचावात्मक अवस्थेत, टाकते. ही तक्रारीची नव्हे तर सोयीची गोष्ट आहे, कारण क्लच जळण्यापूर्वी इशारा मिळतो. रॅमच्या ६८आरएफई ट्रान्समिशनमध्ये ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे वरच्या गिअरांचा, क्लच आधी दगा देतो, तर जनरल मोटर्सच्या हलक्या पेट्रोल ट्रकमधील ४एल६०ई मध्ये तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच. उलट फोर्डच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये, म्हणजे २००३ ते २००७ च्या ट्रकमध्ये, ट्रान्समिशन तग धरते आणि इंजिनच आधी माघार घेते : सिलिंडरमधील दाब वाढला की हेडचे बोल्ट ताणले जातात आणि हेड गॅस्केट फुटते. अशा ट्रकसाठी भारी फाइल घेण्याआधी बोल्टांच्या जागी मजबूत स्टड बसवण्याचा सल्ला दिला जातो. म्हणूनच एका इंजिनावर नावाजलेला ट्यूनर दुसऱ्यावरही तितकाच चांगला ठरेल, असे मानता येत नाही.

कामानुसार निवड : ट्रक मुख्यतः ट्रेलर ओढण्यासाठी असेल तर सर्वांत सौम्य फाइलच योग्य. रिकाम्या ट्रकला वेग घेताना पूर्ण ताकद काही सेकंदच लागते. भरलेला ट्रेलर घेऊन लांबलचक चढ चढताना तीच ताकद कित्येक मिनिटे सलग लागते आणि तितका वेळ उष्णता साठत राहते. डिझेल इंजिनात निकासातील वायूचे तापमान हा येथे कळीचा आकडा आहे. टर्बोच्या आधी मोजलेले हे तापमान दीर्घकाळ साधारण १,२५० ते १,३०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ६७५ ते ७०५ अंश सेल्सिअसच्या, वर राहू देऊ नये असा या क्षेत्रातला संकेत आहे, कारण त्यापुढे ॲल्युमिनियमच्या पिस्टनना आणि टर्बोला धोका संभवतो. त्यामुळे ज्या ट्यूनरच्या पडद्यावर निकासाचे तापमान, ट्रान्समिशनच्या तेलाचे तापमान आणि टर्बोचा दाब एका दृष्टिक्षेपात दिसतात तो, अश्वशक्तीत थोडा मागे असला तरी, ओढकामाला अधिक उपयोगी. तेलाचे तापमान वाढताना दिसले की चालक पेडलवरून पाय उचलतो. दिसलेच नाही तर उचलत नाही.

पेट्रोल ट्रकमध्ये अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. टर्बो नसलेल्या व्ही-८ इंजिनात फाइल बदलून मिळणारी वाढ किरकोळ असते आणि तीही बहुधा प्रज्वलनाची वेळ पुढे आणून, म्हणजे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल गृहीत धरून मिळवलेली असते. अमेरिकी पंपावरच्या ९१ ऑक्टेनसाठी केलेल्या फाइलवर ८७ चे पेट्रोल भरले तर इंजिन ठोकू लागते, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठकठक होते, ती ओळखणारा नॉक सेन्सर प्रज्वलन मागे खेचतो आणि मिळवलेले गमावले जाते. फोर्डच्या इकोबूस्टसारख्या टर्बो इंजिनात वाढ भरीव मिळते. बऱ्याच मालकांना मात्र ट्यूनर हवा असतो तो टायरसाठी. ३१ इंचांच्या जागी ३५ इंची टायर बसवले की स्पीडोमीटर ताशी ६० मैल दाखवत असताना ट्रक प्रत्यक्षात ६७ मैलांहून अधिक वेगाने धावत असतो, आणि वेगावर आधारलेले गिअरबदलही चुकीच्या क्षणी होतात. टायरचे माप व डिफरन्शियलचे गुणोत्तर दुरुस्त करण्याची सोय साध्या प्रोग्रॅमरमध्येही असते. एवढेच काम असेल तर महागडा संच घेण्याचे कारण नाही.

सुसंगती : ट्यूनर घेण्यापूर्वी ट्रकचे मॉडेल वर्ष आणि संगणकाची आवृत्ती पाहणे अनिवार्य आहे. २०१७ पासूनच्या एल५पी ड्युरामॅक्सचा संगणक सांकेतिक कुलपाने बंद केलेला असल्याने त्याचे ट्यूनिंग बराच काळ अडून राहिले. रॅमच्या २०१५ नंतरच्या हेमी पेट्रोल इंजिनांना कुलूप काढलेला संगणक बसवावा लागतो, आणि २०१८ च्या सुमारास रॅममध्ये आलेल्या सुरक्षा गेटवेमुळे, म्हणजे सॉकेटमधून येणारे अनोळखी आदेश अडवणाऱ्या यंत्रणेमुळे, केवळ सॉकेटला जोडून लिहिणे शक्य राहिलेले नाही. त्यासाठी वेगळी केबल लागते. काही ट्यूनर इंजिनाचा संगणक उघडतात पण ट्रान्समिशनचा नाही. वर सांगितलेल्या कारणामुळे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या ट्रकसाठी ही उणीव दुय्यम मानता येत नाही.

कायदा व वॉरंटी : अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा निकामी करणे आणि ती निकामी करणारे उपकरण विकणे किंवा बसवणे हे दोन्ही बेकायदा आहे. डिझेल पिकअपमध्ये २००७ पासून काजळी अडवणारे फिल्टर आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत युरियाचे द्रावण वापरून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी व्यवस्था आली. ही यंत्रणा काढून टाकल्यावर संगणकाने तक्रार करू नये अशी सोय करणाऱ्या फाइली मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये केलेल्या अंदाजानुसार त्याआधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून ही यंत्रणा काढली गेली होती. त्यानंतर अशा विक्रेत्यांवर कारवाया वाढल्या. ‘केवळ शर्यतीसाठी’ अशी चिठ्ठी खोक्यावर लावल्याने रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकला संरक्षण मिळत नाही. सुरक्षित मार्ग म्हणजे कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचा कार्यकारी आदेश क्रमांक असलेला ट्यूनर घेणे. हा क्रमांक त्या त्या इंजिनापुरता व मॉडेल वर्षांपुरताच लागू असतो, तेव्हा यादीत आपला ट्रक आहे का हे पाहावे.

वॉरंटीबाबत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याचा हवाला अनेक विक्रेते देतात. बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणाने संपूर्ण वॉरंटी नाकारता येत नाही, हे खरे. पण ट्यूनिंगमुळेच बिघाड झाला असे उत्पादक दाखवू शकला तर त्या बिघाडाचा खर्च मालकाच्याच माथी येतो, आणि वाढीव टॉर्कखाली जळलेल्या क्लचच्या बाबतीत हे दाखवणे फारसे अवघड नसते. मूळ फाइल परत लिहिली तरी संगणकाच्या स्मृतीत फेरलेखनाच्या खुणा राहू शकतात.

बसवताना : फाइल लिहिली जात असताना बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) पडला तर संगणक अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकतो आणि ट्रक सुरूच होत नाही. म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली असावी, शक्यतो चार्जर जोडलेला असावा, दिवे व पंखा बंद असावेत. नव्या फाइलनंतर ट्रान्समिशनला गिअरबदल नव्याने शिकायला काही काळ लागतो. सुरुवातीचे दणके त्यातले असू शकतात. डीलरकडे सॉफ्टवेअर अद्ययावत केले गेले तर ट्यूनरची फाइल पुसली जाते, म्हणून सर्व्हिसिंगपूर्वी मूळ फाइल परत लिहिण्याची रीत आहे. हातातला प्रोग्रॅमर एकदा वापरला की त्या ट्रकच्या ओळख क्रमांकाशी जोडला जातो. ट्रक विकण्यापूर्वी ही जोडणी मोडली नाही तर प्रोग्रॅमर दुसऱ्या ट्रकवर चालत नाही. वापरलेला ट्यूनर विकत घेणाऱ्याने जोडणी मोडलेली आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी उपकरण चालू करून पडद्यावर पाहून घ्यावे.