तक्रारींतून घडलेलं परदेशी शिक्षण

परदेशी शिकून आलेल्या कुणालाही बोलतं केलं की गाडी हमखास त्याच स्थानकांवर थांबते. परवडणारी खोली, व्हिसाचे कागद, वर्गात डोक्यावरून जाणारे उच्चार, पहिल्या हिवाळ्यातलं एकटेपण आणि 'तिथला अभ्यास इथे धरणार का' हा शेवटचा घोर. यातलं काहीच नवं नाही. आज विद्यार्थ्याला ज्या सोयी आयत्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच कुणाच्या तरी जुन्या तक्रारीतून आल्या आहेत.

भाषेपासूनच बघू. चिनी भिक्षू इत्सिंग ६७१ साली नालंदेच्या ओढीने समुद्रमार्गे निघाला. वाटेत सुमात्रा बेटावरच्या श्रीविजयात तो सुमारे सहा महिने थांबला आणि संस्कृत व्याकरण शिकला. पुढे नालंदेत दहाएक वर्षं काढल्यावर मागून येणाऱ्यांसाठी त्याने लिहून ठेवलं, की आधी श्रीविजयात एखाद-दोन वर्षं तयारी करा आणि मगच भारतात जा. प्रवेशाआधीच्या भाषावर्गांची शिफारस इतकी जुनी आहे. जेवायला कसं बसावं, दातवण कसं वापरावं, अंघोळ केव्हा करावी, हेही त्याने बारकाईने नोंदवलं. नव्या जागी माणूस अडखळतो तो बहुधा अशाच बारीकसारीक गोष्टींत.

युरोपात प्रश्न जिवावर बेतणारा होता. बाराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याला कायदा शिकायला येणारा परका मुलगा त्या नगराचा नागरिक नसे, त्यामुळे त्याचा वाली कुणी नाही. त्याच्या मुलखातल्या एखाद्याने कर्ज बुडवलं, तर सावकार सरळ या पोराला धरू शके. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या फर्मानाने हे थांबवलं. ११५८ मध्ये पक्क्या झालेल्या या फर्मानाने शिक्षणासाठी फिरणाऱ्यांना प्रवासात संरक्षण दिलं आणि त्यांच्यावरचा खटला त्यांच्या गुरूपुढे किंवा बिशपपुढे चालवण्याची मुभा दिली. विद्यार्थी व्हिसाचा पूर्वज म्हणून याच्याकडे बोट दाखवता येईल, पण माझ्या मते दोहोंचा स्वभाव उलटा आहे. फर्मान विद्यार्थ्याला अभय देत होतं, व्हिसा त्याच्याकडे पुरावे मागतो.

तरी बोलोन्याचे विद्यार्थी सम्राटावर विसंबून राहिले नाहीत. मुलखावार 'नेशन' नावाचे गट करून त्यांनी संघ उभारला आणि तो भलताच जबर निघाला. प्राध्यापक उशिरा आला तर दंड. घरभाडं ठरवायला विद्यार्थी आणि नगरवासी यांची मिळून समिती. हातात हुकमी पान एकच होतं: ऐकलं नाहीत तर आम्ही गाव सोडून जातो. ते नुसतं बोलणं नव्हतं. १२२२ साली बोलोन्याहून निघालेल्या मंडळींतूनच पादुआचं विद्यापीठ उभं राहिलं.

या गटांची दुसरी बाजू पॅरिसमध्ये दिसते. तिथल्या विद्यार्थ्यांबद्दल जाक द व्हित्री या तेराव्या शतकातल्या धर्मोपदेशकाने लिहिलंय, की ते एकमेकांच्या मुलखाचा उद्धार करत. इंग्रज म्हणजे दारुडे आणि शेपटीवाले, असे टोमणे मारून प्रकरण हातघाईवर येई. आपल्या माणसांत राहिलं की खोली मिळते, आजारपणात कुणी पेज करून देतं, पण वर्ष सरतं तरी बाहेरच्या कुणाशी ओळख होत नाही. आजही परदेशी विद्यार्थी हेच सांगतात.

पैशाचं तर विचारूच नका. मध्ययुगात पत्रलेखनाचे नमुने शिकवणारी पुस्तकं असत. त्यांत विद्यार्थ्याने घरी पैसे मागायचं तयार पत्र असे: शहर महाग आहे, भाडं द्यायचंय, अभ्यास मात्र जोरात चालू आहे. आणि बापाचं तयार उत्तरही असे, तू तिथे काय दिवे लावतोस ते कानावर आलंय!

पुढे विद्यार्थी पाठवण्याचं काम राज्यसंस्थांनी अंगावर घेतलं, तेव्हा एक नवी भीती जन्मली. गेलेला मुलगा परत आल्यावर आपला राहील का? चीनने १८७२ पासून तीस-तीसच्या चार तुकड्यांत १२० मुलगे अमेरिकेत धाडले. ते कनेक्टिकट आणि आसपासच्या कुटुंबांत राहिले, बेसबॉल खेळू लागले, काहींनी चिनी पुरुषांना तेव्हा सक्तीची असलेली वेणी कापली, काही ख्रिस्ती धर्माकडे झुकले. त्यात अमेरिकेच्या लष्करी विद्यालयांनीही दारं लावली. १८८१ मध्ये बहुतेकांना शिक्षण अर्धवट टाकून परत बोलावलं गेलं. ज्या मिसळण्याला आज अनुभवाचं फळ म्हणतात, तोच तेव्हा गुन्हा ठरला.

शिक्षणाचा भाग म्हणून वर्षभर परदेशी राहून यायचं, ही रीत मात्र बरीच अलीकडची. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला गेले. पहिल्या महायुद्धात ते स्वतः सैनिक होते. देशोदेशींच्या तरुणांची ओळख वाढली तर पुन्हा युद्ध होणार नाही, ही त्यामागची आशा होती. युद्ध झालंच. १९४६ साली सुरू झालेल्या अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीला पैसा मिळाला तो त्याच युद्धातलं परदेशी उरलेलं सामान विकून.

एकटेपणाकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं ते याच शिष्यवृत्तीमुळे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइट विद्वानांना गाठलं आणि १९५५ मध्ये निष्कर्ष मांडला: सहा महिन्यांच्या आत परतलेले खुश, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही रुळलेले, मधलेच हेलपाटलेले. यातून आधी चढ, मग उतार, पुन्हा चढ अशी आलेखाची प्रसिद्ध रेघ निघाली. 'कल्चर शॉक', म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणारा धक्का, हा शब्द मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांच्या १९५४ च्या भाषणामुळे रुळत होताच. १९६३ मध्ये गलाहॉर्न या अभ्यासक दांपत्याने त्या रेघेला आणखी एक उतार जोडला, घरी परतल्यानंतरचा.

पण लिसगार्डनी एकाच माणसाचा वर्षभर माग काढला नव्हता, वेगवेगळ्या मुदतीच्या माणसांची तुलना केली होती. १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांना टप्प्याटप्प्याने विचारलं, तेव्हा सर्वांत कठीण काळ निघाला तो पोचल्यापोचल्याचा. 'सुरुवातीला सगळं छान वाटतं' हे वाक्य मार्गदर्शनवर्गांतून तरीही ऐकू येतं. पहिल्याच आठवड्यात रडू फुटलेल्या मुलीला त्याने आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत असणार.

शुल्काची कथा थोडक्यात. ब्रिटनने १९८० पासून परदेशी नवागतांकडून पूर्ण खर्चाइतकं शुल्क घ्यायला सुरुवात केली, इतर देशांनीही तोच कित्ता गिरवला आणि पाहुणा विद्यार्थी ग्राहक झाला. तरीही २००० च्या सुमारास जगभरात वीसेक लाख असलेले असे विद्यार्थी दोन दशकांत साठ लाखांपुढे गेले.

राहिला तो शेवटचा घोर. रोममध्ये कायदा शिकणारी सोफिया कोराडी कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ मध्ये परतली आणि तिथल्या परीक्षा इथे धरा म्हणाली. तिला सगळ्यांदेखत झिडकारलं गेलं. हा अपमान ती विसरली नाही. १९६९ पासून तिने कुलगुरूंच्या परिषदेपासून मंत्रालयापर्यंत टिपणं पाठवली. १९८७ मध्ये युरोपात विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी इरॅस्मस योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. दोन वर्षांनी वर्षाला ६० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) सामाईक मोजणी प्रायोगिक तत्त्वावर आली.

परदेशी शिक्षणाला मान्यता देण्याविषयीच्या १९९७ च्या लिस्बन करारात तर पुराव्याचं ओझंच दुसऱ्या खांद्यावर गेलं. आपला अभ्यास योग्य आहे हे विद्यार्थ्याने सिद्ध करायचं नाही, त्यात मोठी तफावत आहे हे नाकारणाऱ्या संस्थेने दाखवायचं. युनेस्कोचा असाच जागतिक करार २०२३ मध्ये अमलात आला, पण तो बांधतो फक्त त्याला रीतसर मंजुरी दिलेल्या देशांना. बाकीच्या ठिकाणी विद्यार्थी अजून अभ्यासक्रमाच्या शिक्का मारलेल्या प्रती घेऊन खिडकीपुढे उभा असतो.