ऐंशी वॅटचा लेसर आणि दोन बाजूंनी अडकलेला चौकोन

धुळ्याचा माझा एक मित्र सागवानी दरवाजे आणि नावाच्या पाट्या करतो. टेबलावर मावणारं छोटं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या सूचनेवर कोरणारं यंत्र, त्याच्याकडे आहे, ज्याला सगळे ३०१८ म्हणतात ते: ३०० बाय १८० मिलिमीटर एवढीच कामाची जागा. अक्षरं कोरायला बिट वापरलं की सागाचे तंतू उपटतात, म्हणून त्याला स्पिंडलच्या, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरच्या, जागी लेसर बसवायचा होता. मोबाइलवर जाहिरात दिसली आणि त्याचा फोन आला, "हाऊ ऐंशी वॅटना शे भाऊ, आन गैरा सस्ता!"

मी म्हटलं, जाहिरात राहू दे, सोबतच्या अ‍ॅडॅप्टरचा फोटो मोठा करून वाच. त्यावर होतं १२ व्होल्ट, ३ अँपिअर. नववी-दहावीचा गुणाकार: ३६ वॅट. आत ३६ जातात तर बाहेर ८० कुठून येणार? गायीला दोन पेंढ्या घालून चार पेंढ्यांचं शेण निघत नाही.

खरं तर ३६ही बाहेर येत नाहीत. निळ्या प्रकाशाचा लेसर डायोड, म्हणजे प्रकाश देणारा आतला बारीक तुकडा, विजेतला साधारण ३५ ते ४० टक्के भाग प्रकाशात बदलतो. पंखा, ड्रायव्हर (डायोडला वीज मोजून देणारं सर्किट) आणि भिंगं आपापला वाटा काढून घेतात. खात्यात उरतो पाव ते तिसरा हिस्सा. म्हणजे त्या ऐंशीच्या डब्यातून जास्तीत जास्त दहा-बारा वॅट प्रकाश, आणि बहुधा त्याहून कमीच. म्हणून मी दोन शब्द ठरवून टाकलेत: खाण्याचे वॅट आणि देण्याचे वॅट. विकणाऱ्याला फक्त देण्याचे विचारायचे. 'ऑप्टिकल पॉवर' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर छापलेला आकडा खाण्याचा समजायचा, आणि अ‍ॅडॅप्टरच्या गुणाकाराहून मोठा असेल तर कल्पनेचा.

आता देण्याचे वॅट जास्त म्हणजे लेसर चांगला, असं वाटतं. मलाही वाटत होतं. माझं मत बदललं ते एका चौकोनामुळे.

जुन्या पाच वॅटच्या, एकाच डायोडच्या लेसरने मी तीन मिलिमीटरच्या प्लायमधून चहाच्या कपाखाली ठेवायचे चौकोन कापत होतो. चार फेऱ्या झाल्या, चौकोन दाबला तर सुटेना. उलटा करून पाहिलं. समोरासमोरच्या दोन बाजू ब्लेडने कापल्यासारख्या आरपार, बारीक काळी रेघ. उरलेल्या दोन बाजूंवर जाड, पसरट, कोळशासारखी रेघ आणि मागे काहीच नाही. वेग तोच, पॉवर तीच, लाकूड तेच. मला वाटलं पट्टा ढिला आहे. मग आठवलं की या यंत्राला पट्टाच नाही, स्क्रू आहे. लेसरचं डोकं ९० अंशांत फिरवून पुन्हा कापलं. आता आधीच्या अडकलेल्या बाजू सुटल्या आणि सुटलेल्या अडकल्या.

गंमत डायोडच्या पोटात आहे. प्रकाश जिथून बाहेर पडतो ती फट गोल नसते. जाडी जेमतेम एक मायक्रॉन, रुंदी मात्र वीस-तीस मायक्रॉन. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. समोर चार मिलिमीटर फोकल लांबीचं भिंग धरलं आणि चाळीस मिलिमीटरवर लाकूड ठेवलं, तर भिंग त्या फटीची प्रतिमा साधारण दहापट मोठी करून लाकडावर टाकतं. फट २० मायक्रॉन रुंद धरू. लाकडावर ती झाली ०.२ मिलिमीटर. दुसऱ्या दिशेने हिशेबाप्रमाणे ०.०१ यायला हवं, पण भिंगाच्या दोषांमुळे ते ०.०५च्या आसपास धरा. म्हणजे आपण ज्याला 'बिंदू' म्हणतो तो छोटा डॅश असतो.

हा डॅश त्याच्या लांबीच्या दिशेने सरकवला तर ०.०५ मिलिमीटरची नळी खणली जाते. आडवा सरकवला तर ०.२ मिलिमीटरचा झाडू फिरतो. पाच वॅट, सेकंदाला पाच मिलिमीटर वेग: पहिल्या वेळी दर चौरस मिलिमीटरला २० ज्यूल पडतात, दुसऱ्या वेळी ५. चौपट फरक! माझा चौकोन का अडकला ते या भागाकारात आहे. म्हणून मॉड्यूल, म्हणजे लेसरचं तयार डोकं, घेताना वॅटच्या शेजारी छापलेला ठिपक्याचा आकार वाचा. ०.०८ × ०.०८ असं जवळपास चौरस असेल तर आत ठिपका आवळणारी जादा भिंगं आहेत. एकच आकडा दिला असेल तर दुसरा का लपवला, ते विचारा.

आणि इथे मला थांबवत नाही. जळगावच्या मे महिन्याच्या उन्हात लहानपणी भिंगाने कागद जाळला नाही असं पोर इकडे सापडणार नाही. पाच सेंटिमीटर व्यासाचं भिंग घेतलं तर त्यावर पडणारं ऊन साधारण दोन वॅट. दहा सेंटिमीटर फोकल लांबी असेल तर सूर्याचा ठिपका सुमारे ०.९ मिलिमीटरचा होतो. भिंगाला कितीही चांगली पॉलिश करा, त्याहून लहान होत नाही, कारण आकाशात सूर्यच अर्धा अंश रुंद आहे. दर चौरस मिलिमीटरला झाले तीन वॅट. आपला पाच वॅटचा लेसर ०.२ × ०.०५च्या डॅशमध्ये ५०० वॅट दर चौरस मिलिमीटर देतो. वॅट अडीचपट, दाटी दीडशेपटीहून जास्त.

मागे नियम आहे तो असा: प्रकाश देणाऱ्या जागेचा आकार गुणिले प्रकाश पसरण्याचा कोन, हा गुणाकार कुठलंही भिंग किंवा आरसा कमी करू शकत नाही. ठिपका लहान केला की कोन वाढतो, कोन कमी केला की ठिपका पसरतो. हा नियम मोडता आला असता तर भिंगाने सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त तापमान मिळालं असतं आणि उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही, हा उष्णतागतिकीचा दुसरा नियम धुळीला मिळाला असता. एका डायोडमधून पाच-सहा वॅटच निघतात. मग दहा वॅटचा लेसर कसा? दोन डायोड. एकाच्या प्रकाशाची कंपनं उभी, दुसऱ्याची आडवी करतात आणि कंपनांची ही दिशा, म्हणजे ध्रुवण, ओळखणाऱ्या काचेच्या ठोकळ्यातून दोघांना अगदी एकमेकांवर बसवतात. दिशा फक्त दोनच, उभी आणि आडवी, त्यामुळे तिसऱ्याला त्या गादीवर जागा नाही. वीस वॅटला चार डायोड लागतात. ते जोड्या-जोड्यांनी शेजारी उभे करून सगळ्यांना एकाच जागी वळवतात. म्हणजे कोन वाढला. कोन वाढला की फोकसची खोली कमी होते: लाकूड जरा फुगलेलं असलं, फळी एका कोपऱ्यात मिलिमीटरभर उचललेली असली, की ठिपका पसरतो. बरेच जण इथे मला सोडून चहा घ्यायला उठतात, मला ठाऊक आहे.

उठलेल्यांसाठी थोडक्यात: ३०१८सारख्या यंत्रावर मी दहा वॅट देणाऱ्या, दोन डायोडच्या मॉड्यूलच्या पुढे जात नाही. वीसचं डोकं जड असतं आणि झेडच्या, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या, नाजूक गाडीवर ते लोंबकळतं. शिवाय कोरकामात जादा पॉवरचा उपयोग वेग वाढवायला, आणि स्क्रूवर चालणारं हे यंत्र मिनिटाला दोनेक मीटरच्या पुढे धावतच नाही.

हवामानाचं मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. दहा वॅट प्रकाश देणारं मॉड्यूल चाळीसेक वॅट खातं, म्हणजे तीस वॅट नुसती उष्णता. लेसरच्या डोक्यावरचा पंखा ती थंड करत नाही, खोलीतली हवा तिच्यावरून फिरवतो. भुसावळ-जळगावकडे मेमध्ये ती हवाच ४५ अंशांची असते. डायोड तापला की प्रकाश घटतो आणि आयुष्यही. दुपारी न कापली गेलेली पाटी पहाटे पाचला त्याच सेटिंगवर कापली गेल्याचं मी दोनदा पाहिलंय. उन्हाळ्यात लेसरचं काम शेतातल्या कामासारखं, उन्हाआधी उरकायचं.

काय कापतं आणि काय नाही, हे रंगावर ठरतं. हा प्रकाश ४५० नॅनोमीटरचा, गडद निळा. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून तो खिडकीतून जावा तसा जातो, काळं अ‍ॅक्रिलिक कापतं. कार्बन डायऑक्साइडच्या लेसरला ही अडचण नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, ती पारदर्शक अ‍ॅक्रिलिकही गिळतं. तो लेसर १९६४ साली बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. सागाला, चामड्याला, पुठ्ठ्याला मात्र निळा लेसर छान लागतो. प्लाय घेताना सावध राहा: पाण्यात टिकणाऱ्या प्लायमधला फिनॉलचा गोंद आधी कोळसा होतो आणि खालच्या थराला झाकतो. मत्स्यालयाचा छोटा हवेचा पंप ठिपक्यावर फुंकर मारत ठेवला तरी खूप फरक पडतो, धूर भिंगावर बसत नाही. जळगावात पाइपांचे कारखाने असल्याने पीव्हीसीचे तुकडे सहज मिळतात. ते चुकूनही लेसरखाली ठेवू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. आधी फुप्फुसं, मग यंत्राचे स्क्रू.

जोडणीचं थोडक्यात. मॉड्यूलची सिग्नलची तार सहसा ५ व्होल्ट मागते, तर जुन्या बोर्डाचं स्पिंडलचं टोक १२ किंवा २४ देतं, तेव्हा जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. जीआरबीएलमध्ये, म्हणजे बोर्डातल्या यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, डॉलर ३२ या सेटिंगची किंमत १ करा (लेसर मोड) आणि प्रोग्रॅममध्ये लेसर चालू करायला एम ३ऐवजी एम ४ ही आज्ञा वापरा. कोपऱ्यावर यंत्र हळू झालं की एम ४ पॉवरही त्या प्रमाणात उतरवतो. नाहीतर अक्षराच्या प्रत्येक कोपऱ्यावर काळा तीळ.

चष्म्याबाबत मात्र मी कंजुषी सहन करत नाही. हा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून आरपार जाऊन डोळ्यातल्या पडद्यावर गोळा होतो. दिसणाऱ्या लेसरमध्ये पापणी मिटण्याच्या भरवशावर सोडलेली मर्यादा एक मिलिवॅटची आहे. आपला लेसर तिच्या पाच-दहा हजारपट. चष्म्यावर ४५० नॅनोमीटरसाठी 'ओडी' (ऑप्टिकल डेन्सिटी, प्रकाश अडवण्याचं माप) किती ते पाहा: ओडी ४ म्हणजे दहा हजारावा भाग आत येतो, ओडी ५ म्हणजे लाखावा. काच नारिंगी असते, कारण तिला निळाच गिळायचा असतो. डब्यात फुकट येणारा हिरवा चष्मा गॉगल म्हणूनही वापरू नका. आणि घरातल्या पोरांना, मांजरालाही, खोलीबाहेर ठेवा.

मित्राकडे एक गिऱ्हाईक 'लेसरने ऊर्जित' श्रीयंत्राच्या शंभर पाट्या मागत होतं, प्रत्येकीला दुप्पट भाव द्यायला तयार. प्रकाश गेला की पाटीत राहतो तो जळालेला साग, एवढंच. मित्राने पाट्या केल्या, 'ऊर्जित' शब्द कोरायला नकार दिला. गिऱ्हाईक नाराज झालं, पण पाट्या घेऊन गेलं.

शेवटी त्याने दहा वॅट 'देणारा' घेतला, ठिपका ०.०८ × ०.०८. पहिल्याच दिवशी तीन मिलिमीटरच्या प्लायचा चौकोन कापून फोटो पाठवला. चारी बाजू सुटलेल्या. मग लगेच फोन. "भाऊ, मंग मिक्सरवर साडेसातशे वॅट लिखेल शे, ते बी खावानंच का?"

म्हटलं, हो, तेही खाण्याचंच.