मुंबईतलं बेडकांचं विणीचं स्थलांतर

बेडूक, भेक (खरखरीत कातडीचे, इंग्रजीत टोड), पालीसारखे दिसणारे सॅलॅमँडर असे उभयचर प्राणी विणीच्या काळात नेहमीची जागा सोडून पाण्याकडे जातात, अंडी घालतात आणि परत फिरतात, ह्याला विणीचं स्थलांतर म्हणतात. थंड देशांत हे वसंतात होतं, पहिल्या उबदार पावसाळी रात्री आल्या की. इंग्लंडमध्ये भेक रस्ता ओलांडताना गाड्यांखाली सापडतात म्हणून लोक रात्री बादल्या घेऊन त्यांना पलीकडे नेऊन सोडतात. अमेरिकेत अ‍ॅमहर्स्ट गावात तर १९८७ मध्ये सॅलॅमँडरसाठी रस्त्याखालून छोटे बोगदे केले.

मुंबईत सॅलॅमँडर नाहीत आणि वसंताचाही काही संबंध नाही. चैत्र-वैशाखात इथली जमीन तापलेली असते, बरेचसे बेडूक मातीत, दगडाखाली, झाडाच्या मुळांशी दडून असतात, बिळकरी बेडूक तर मागच्या पायावरच्या कठीण उंचवट्याने माती उकरत उलटा आत उतरतो आणि तिथेच थांबतो. मग मृग लागतो, एखादी रात्र धो धो कोसळते आणि सगळे एकदम बाहेर. अंतर काही फार नसतं, जंगलाच्या कडेपासून जवळच्या डबक्यापर्यंत, पण मधे रस्ता असतो. आरेतून जाणाऱ्या रस्त्यावर पहिल्या पावसात रात्री गाडी हळू चालवा असं सांगतात ते ह्यासाठीच.

सगळ्यात बघण्यासारखा बुलफ्रॉग. एरवी शेवाळी-मातकट रंगाचा नर ह्या दिवसांत हळदीसारखा पिवळाधम्मक होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात आणि आवाज लांबवर जातो, मादी मात्र आहे त्याच रंगाची राहते. नराच्या अंगठ्यावर खरखरीत गादी येते, तिच्यामुळे निसरड्या मादीला पाठीवरून घट्ट धरून राहता येतं. भेकाची अंडी पाण्यातल्या गवताला गुंडाळलेल्या लांब चिकट माळांमध्ये असतात, आत काळे ठिपके ओळीने दिसतात. झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा टाकीच्या भिंतीला फेसाचं घरटं चिकटवतो, पिल्लं त्यातून थेट खाली पाण्यात पडतात. आणि जेमतेम अडीच सेंटीमीटरचा एक छोटा बेडूक आहे, त्याचा आवाज ऐकून कोणाला वाटणार नाही की हा एवढासा असेल.

आता महत्त्वाचं. मुंबईला पाणी चारी बाजूंनी आहे पण ते खारं, त्यात ह्यांची अंडी टिकत नाहीत. मोठे तलाव आहेत तर तिथे मासे, ते अंडी आणि टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, खातात. म्हणजे ह्यांच्या खऱ्या कामाचं पाणी कुठलं, तर पावसाने भरणारं आणि दिवाळीच्या आसपास आटून जाणारं डबकं, कातळातला खळगा, मैदानाचा सखल कोपरा. नेमकं हेच आपण बिनकामाचं समजतो, तिथे डेब्रिजचा भराव पडतो, पेव्हर ब्लॉक बसतात, नाहीतर डासांसाठी गप्पी मासे सोडले जातात, आणि डासांच्या अळ्यांच्या शेजारी वाढणारे टॅडपोलही हे मासे खातात हे कोणी बघत नाही. माझ्या मते मुंबईतले बेडूक वाचवायचे तर जंगलाइतकीच ही डबकी नकाशावर यायला हवीत.

बेडकांवर दुसरं संकट होतं ते तंगड्यांच्या निर्यातीचं. भाताच्या शेतातून पोत्यांनी बेडूक जायचे, १९८७ मध्ये केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली.

डबक्यात शर्यत असते. पाणी आटायच्या आत शेपूट जाऊन पाय यायला हवेत, बुलफ्रॉगची टॅडपोल तर इतरांची टॅडपोल खाऊन भराभर वाढतात. परतीचा प्रवास मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, कारण मोठे बेडूक थोडे थोडे करून निघून जातात आणि पुढच्या काही आठवड्यांत नखाएवढी पिल्लं ओल्या गवतातून सगळीकडे पांगतात. त्या दिवसांत डबक्याच्या काठाने चालायचं झालं तर पाय टाकायच्या आधी खाली बघा, आणि पिल्लू उचलायचंच असेल तर हात आधी पाण्याने ओले करा, कारण बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि साबण, क्रीम, मच्छर पळवायचं लोशन सगळं त्यातून आत जातं.